शोधायचे पैसे घेणारं गॅरेज: एका सॅन स्टॉर्मवाल्याचा अभिप्राय

पाचपैकी चार तारे देतोय. पाचवा कशापायी कापला ते पुढं येईल. पण हा अभिप्राय सगळ्यांच्या कामाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्या गाडीचा पार्ट अंबडला नाही तर जालन्याला दुपारपर्यंत मिळतो, तसली गाडी असेल तर एवढ्या लांब छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत यायची गरज नाही. तुमचा नेहमीचा मिस्त्री ते काम करील आणि स्वस्तात करील. ज्यांच्या गाडीचं नाव ऐकून पार्टवाला "अशी गाडी असते का?" म्हणतो, त्यांच्यासाठी हे गॅरेज आहे.

माझी गाडी सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याच देशात निघालेली, दोन सीटची, फायबर बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार. बोनेटखाली रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. आकडा ऐकून पोरं हसतात. हसू द्या. गाडी हलकी असली की ६० घोडे पुरतात, आणि म्हैसमाळच्या वळणांवर ही गाडी स्टिअरिंगच्या बोटभर इशाऱ्यावर आत शिरते. ब्रेक लावल्यावर जड गाडीसारखी पुढं लोटत नाही. मी पुण्याहून जुनी घेतली. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं पुन्हा पासिंग आणि ग्रीन टॅक्स ही कटकट ज्यानं केलीय त्याला माहीत आहे, तिच्यात आता शिरत नाही.

माझं जालन्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, गिरणीच्या मोटारी. वायर, अर्थिंग, व्होल्टेज हे रोजचंच काम. मिस्त्री अंदाजानं बोलायला लागला की मला लगेच कळतं, आणि म्हणूनच बहुतेक गॅरेजवाल्यांना माझ्यासारखं गिऱ्हाईक नको असतं.

इथं गाडी आत घ्यायच्या आधीच सांगतात की दोष शोधायचे पैसे वेगळे, दुरुस्तीचे वेगळे. शोधायचे तासाला ४०० रुपये. दोष सापडला नाही तर फक्त पहिल्या तासाचे घेणार. या एका गोष्टीवरून गेटवर भांडणं होताना मी पाहिली आहेत. "नुसतं बघायचे पैसे? आमच्या बीडात कोणी घेत नाही," असं म्हणून एक जण गाडी वळवून गेला. मला मात्र हे ऐकून बरं वाटलं. माझ्या दुकानात शेतकरी पाण्यातली मोटार काढून आणून टाकतो. मी खोलतो, मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावतो आणि सांगतो, "पाटील, वाइंडिंग चांगलंय, केबलचा जॉइंट गेलाय." तो मोटार उचलतो आणि म्हणतो, "काही केलंच नाही तर पैसे कशाचे?" मग शहाणा दुकानदार काय करतो? चांगलं वाइंडिंगही जळालं म्हणून सांगतो. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश, आणि जॉइंट तसाच. गाड्यांच्या धंद्यात याच कारणानं पार्ट बदलत सुटतात. शोधायला पैसे मिळत नाहीत, पार्टवर मिळतात. सध्याच्या गाडीत हे खपून जातं. ज्या गाडीचा पार्टच बाजारात नाही तिच्यात चांगला पार्ट काढून फेकणं म्हणजे गाडी हळूहळू भंगारात घालणं.

आता त्यांनी माझ्या गाडीत काय शोधलं ते नीट सांगतो, म्हणजे ४०० रुपये कशाचे ते कळेल.

पहिला आजार विजेचा. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटायचा. हेडलाइट लावला की हॉर्नचा आवाज बसायचा. गाडी इथं आणण्याआधी कोणी फ्लॅशर बदलला होता, कोणी स्टिअरिंगखालचा स्विच खोलला होता, एकानं नवी बॅटरी घालायला लावली होती. अर्थिंग कच्ची असणार हे मला दिसत होतं, पण कुठली अर्थिंग, हा प्रश्न होता. पत्र्याच्या गाडीत अख्खी बॉडी म्हणजेच बॅटरीची मायनस बाजू. दिव्याची एक वायर जवळच्या पत्र्याला आवळली की काम झालं. फायबरमधून करंट जात नाही. त्यामुळं प्रत्येक दिव्याला, पंपाला, पंख्याला परतीची वायर खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत न्यावी लागते, आणि अशा बऱ्याच वायरी एकाच बोल्टाखाली येऊन बसतात. तो बोल्ट गंजला की करंट परतीची दुसरी वाट धरतो. ब्रेकच्या दिव्यातून निघालेला करंट शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून घुसतो, आणि काही दोष नसलेला इंडिकेटर पेटतो. फायबर बॉडीची कोणतीही गाडी घेणार असाल तर हे आधी समजून घ्या. तिच्या विजेच्या दहा तक्रारींतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ अर्थिंगच्या बोल्टाशी निघतं.

गॅरेजचे मालक साठीच्या आसपासचे आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवला, एक पिन बॅटरीच्या मायनसवर धरली, दुसरी मागच्या दिव्याच्या काळ्या वायरीवर, आणि पोराला म्हणाले, "ब्रेक दबा के रख." मीटर दोन व्होल्टच्या वर गेला. जिथं पाव व्होल्टही दिसायला नको तिथं दोन. "देखो शेठ, बल्ब को बारा मिलतेच नै." म्हणजे बल्बला मिळायला हवेत त्यातले दोन व्होल्ट वाटेतच गळत होते. मग ते वायरीचा माग काढत डिक्कीच्या गालिच्याखाली गेले. बोल्ट सापडला, त्याच्याखालची थिंबलं (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) हिरवी पडलेली. पॉलिश पेपरनं बूड घासलं, टिनच्या मुलाम्याची नवी थिंबलं दाबून बसवली, वरून व्हॅसलीन लावलं, आणि बॅटरीच्या मायनसपासून थेट त्या बोल्टापर्यंत एक जाड वायर जादा ओढली. पुन्हा मीटर धरला. आकडा जवळजवळ शून्य. तो मला दाखवल्याशिवाय गालिचा परत टाकला नाही. सामान दोनशेच्या आतलं, मजुरी त्याच्या कितीतरी पट. मी मुकाट्यानं दिली.

दुसरा आजार जास्त छळणारा. उन्हाळ्यात जालन्याहून निघायचं, बदनापूरला चहाला थांबायचं, आणि परत किल्ली फिरवली की स्टार्टर गरागरा फिरणार पण इंजिन पकडणार नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की काही झालंच नाही अशी चालू. दरम्यान लोक गोळा होतात. "कितीला पडली?" "एव्हरेज काय देते?" बंद पडलेल्या गाडीचा एव्हरेज विचारायची पद्धत फक्त आपल्याकडंच असावी. या आजारापायी पेट्रोलचा पंप, प्लग आणि कॉइल बदलून झाले होते.

उस्तादांनी गाडी गेटाबाहेर उन्हात, बोनेट लावून चालूच ठेवली. बंद पडू दिली. बंद पडल्याबरोबर दोघं जण कामाला लागले. एकानं प्लगची ठिणगी बघितली: नाही. दुसऱ्यानं पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरीच्या जोडणीत, एलईडीचा टेस्टलॅम्प घातला: लुकलुकत नाही. ठिणगी नाही आणि पेट्रोलही नाही, दोन्ही एकदम. दोन वेगळे पार्ट एकाच क्षणी मरत नाहीत. म्हणजे इंजिन फिरतंय हे त्याच्या कॉम्प्युटरला कळतच नाहीये. ते कळवणारा सेन्सर गिअरबॉक्सच्या डोक्यावर, फ्लायव्हीलच्या दातांसमोर बसतो. त्यावर ओलं फडकं टाकलं आणि गाडी चालू.

इथं कोणीही सेन्सर मागवला असता. त्या सेन्सरच्या आत बारीक तारेची गुंडाळीच असते आणि गुंडाळी तापली की आतून सुटते, हे मी मोटारीत कायम बघतो. शंकेला जागा नव्हती. तरी उस्तादांनी परत गाडी तापवली आणि ओहम मोजले, आधी वायरीच्या टोकाकडून, मग कपलर काढून थेट सेन्सरच्या पिनांवर. टोकाकडून तुटलेलं दाखवत होतं, पिनांवर ठणठणीत. सेन्सर चांगला, कपलर गेलेला. उष्णतेनं प्लास्टिक कडक होऊन आतली पीन सैल झाली होती. तापल्यावर फाकायची, गार झाल्यावर टेकायची. ओल्या फडक्यानं सेन्सरबरोबर कपलरही गार होत होता, म्हणून सगळ्यांना सेन्सरच चोर वाटला असता. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा, पिना जुळणारा कपलर वायरीसकट जोडला, वायरीवर काचेच्या धाग्याची नळी चढवली आणि ती सायलेन्सरच्या उष्णतेपासून लांब बांधून घेतली. त्यानंतरच्या मे महिन्यात मी मुद्दाम भर दुपारी बदनापूरला थांबून चहा घेतला. दोन घेतले.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर का लावला नाही, असं काही जण विचारतील. लावला होता. उस्तादांच्या धाकट्या मुलाकडं चांगला स्कॅनर आहे, पण ही गाडी त्याच्याशी बोलत नाही. या वयाच्या गाडीत मीटर आणि डोकं एवढीच दोन हत्यारं.

सगळंच काही स्वस्तात सुटलं असं नाही. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हचा ताल सांभाळणारा रबरी पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप या कामाला सणसणीत पैसे लागले आणि वाट पाहावी लागली. आधीच्या मालकाकडं बेल्ट कधी बदलला याची नोंद नव्हती. किलोमीटर कमी आहेत म्हणून मी निवांत होतो, पण बेल्ट नुसता किलोमीटरवर जोखायचा नसतो, उभ्या गाडीतही रबर जून होतं. उस्तादांनी कव्हर काढून दाताच्या मुळाशी गेलेल्या भेगा दाखवल्या आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "ये टूटा तो इंजिन लाने कू तुम फ्रान्स जाते क्या?" जुन्या बेल्टचे दात मोजून, रुंदी मापून, त्यावरचा पुसट नंबर भिंगातून वाचून मुंबईच्या पार्टवाल्याला फोटो पाठवले. पहिला आलेला बेल्ट दात मोजून परत पाठवला. तोवर गाडी त्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती, त्याचं भाडं घेतलं नाही.

उष्णतेचा विषय आमच्याकडं वेगळाच. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो आणि जालना रोडच्या सिग्नलला उभं राहिलं की काटा चढतो. रेडिएटर उघडला तर आतून क्षारांचा पांढरा थर. कोणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड असतं ते गिझरवाल्याला विचारा. रेडिएटर नव्यानं भरून घेतला, झाकण बदललं (झाकणाची स्प्रिंग मेली की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं, दीड-दोनशेची वस्तू आहे, बदलून टाका), आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. पंखा सुरू होत नव्हता तोही शोधला: स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या, पंखा फिरला, म्हणजे पंखा आणि रिले चांगले, स्विच गेलेला. एवढीशी परीक्षा, पण ती न करता पंखाच बदलणारे भरपूर आहेत.

पेट्रोलच्या नळ्याही त्यांनीच बदलायला लावल्या. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं इ-२० मिळतं आणि जुन्या गाडीच्या रबराला ते सोसत नाही. नळी फुगते, मऊ पडते, चिरते. फायबरच्या बॉडीत, तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय ते सांगायला नको. इथेनॉलला टिकणारी, इंजेक्शनच्या दाबाची होज घातली. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका असंही बजावलं, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं.

आणि चाकांचं अलाइनमेंट! माझा पाचवा तारा कापलेला नसता तर तो यावरूनच दिला असता. एवढ्या हलक्या गाडीत माणूस बसला की गाडीची बैठकच बदलते. रिकाम्या गाडीवर केलेलं अलाइनमेंट मी बसल्याबरोबर खोटं ठरतं. उस्तादांनी माझं वजन विचारलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर ५० किलोची सिमेंटची गोण आणि वर सोयाबीनच्या बियाण्याची ३० किलोची बॅग ठेवली. सोयाबीनला बेल्टही लावला. मग मशीन. तेव्हापासून गाडी डावीकडं ओढत नाही.

टायरच्या हवेबद्दल फुकटचा सल्ला मिळाला, तो इथं देतो. आपल्याकडं पंक्चरवाला कोणतीही गाडी आली की सरसकट ३५ भरतो. हलक्या गाडीला ३५ म्हणजे ती रस्त्यावर चालत नाही, उड्या मारते, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला धरत नाही. चारही टायर गार असताना स्वतःच्या गेजनं मोजायचं. समृद्धीवर जाणार असाल तर हवा टायरचं वय बघून मगच भरा. नक्षी शाबूत असली तरी रबर जुनं असतं, आणि काँक्रीटवर उन्हात १२० च्या मर्यादेनं चाललं की टायर किती तापतो ते हात लावून बघा.

आता कापलेला तारा.

एक, जॅक. नव्या पोरानं जॅक सांगाड्याऐवजी फायबरच्या कडेला लावला आणि कडकन आवाज आला. दाराखाली तळहाताएवढी चीर. उस्तादांनी माझ्यासमोर पोराला झापलं (मला ते आवडलं नाही, पोरगं पंधरा-सोळाचं) आणि दुरुस्ती फुकट करून दिली, फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारागिराकडून. त्यानं काम रीतसर केलं: चीर व्ही आकारात खरवडली, आतल्या बाजूनं मॅट आणि रेझिनचे थर दिले, वरून पुट्टी नावाला. नुसती पुट्टी भरली असती तर पहिल्याच स्पीडब्रेकरला परत उघडली असती. पण रंग जुळला नाही. सावलीत दिसत नाही, उन्हात लगेच दिसतो. तेव्हापासून मी चारही जॅकच्या जागांवर पिवळ्या रंगाचे ठिपके मारून ठेवलेत.

दोन, फोन. उचलत नाहीत. "शुक्रवारी देतो" म्हणजे कोणता शुक्रवार ते विचारून घ्या. जालन्याहून साठेक किलोमीटर येऊन गाडी तशीच खोललेली बघणं, हे माझ्या नशिबी एकापेक्षा जास्त वेळा आलं. शहरात नातेवाईक असतील तर ठीक, नसतील तर निदान नान-खलिया खाऊन परत जा, फेरी अगदीच वाया जात नाही.

तीन, बसायला जागा नाही. एक बाकडं, तेही गिअरबॉक्सच्या कामात गुंतलेलं.

बिल हातानं लिहिलेलं देतात, पण काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून परत देतात, न मागता. माझ्या दुकानात मी जळालेली तार परत देतो तसंच. घरात बायको विचारते की हे भंगार कशाला आणलंत. कपलर मी काउंटरवर ठेवलाय, बघायचे पैसे कशाचे असं विचारणाऱ्याला दाखवायला.

जालन्याकडून येणाऱ्यांना एक सूचना. आमच्याकडं सळईचे कारखाने आहेत आणि सळई भरलेले ट्रक याच रस्त्यानं जातात. मागं लोंबणारी टोकं आणि त्यांना बांधलेलं लाल फडकं एसयूव्हीवाल्याला बोनेटच्या उंचीवर दिसतं, आपल्याला थेट डोळ्यासमोर. अंतर ठेवा, आणि रात्री निघूच नका.

गाडी दाखवायला जाताना तोंडी गाऱ्हाणं घेऊन जाऊ नका, उस्ताद ऐकत नाहीत. कागदावर लिहून न्या: दोष कधी येतो, गार असताना की तापल्यावर, किती वेळ चालवल्यावर, दिवे किंवा पंखा चालू असताना की बंद, आणि आधी कोणी काय बदललं. ते कागद वाचतात, खिशात ठेवतात आणि मगच बोनेट उघडतात. सकाळी दहाच्या आत पोहोचा, शुक्रवारी दुपारी बंद असतं. पैसे रोख लागतात. यूपीआयचा कोड भिंतीवर आहे, पण त्यावर ग्रीस बसलंय.